पाव वर्तुळ

मोशीच्या आरटीओत आठ काढायच्या रांगेत माझ्यापुढे एक पोरगा उभा होता. नुकतीच अठरा भरलेली असावीत, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. मी बेचाळीस वर्षांची. दोघांच्या पोटात गोळा एकच: आठ काढताना पाय टेकला की नापास. त्याचा टेकला नाही, माझाही नाही. काही दिवसांनी पोस्टाने लायसन्स घरी आलं. वाहनाच्या प्रकारापुढे इंग्रजी अक्षरं होती, एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल. त्या पोराच्या कार्डावरही तीच अक्षरं आली असणार. त्यांच्या जोरावर तो दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी घेऊन नाशिक हायवेला लागू शकतो, आणि मीही लागू शकते. गाडीला गिअर आहे की नाही, एवढंच आपला कायदा विचारतो. इंजिनात ताकद किती, हे विचारत नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या जुन्या वहीचं शेवटचं पान काढलं, त्यावर वाटी उपडी ठेवली आणि पेन्सिलीने गोल काढला. उभी-आडवी रेघ मारून त्याचे चार भाग केले. एकही भरला नाही. पान फाडून देवघराशेजारच्या कपाटाला आतून चिकटवलं.

आमच्या कारखान्यात नवीन मुलगी आली की तिच्या नावापुढे असंच रिकामं वर्तुळ असतं. भिंतीवर मोठा तक्ता लावलेला असतो, स्किल मॅट्रिक्स. डावीकडे माणसांची नावं, वर कामांची नावं आणि मध्ये वर्तुळं. पाव भरलेलं म्हणजे ही अजून शिकते आहे. अर्धं म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली करू शकते. पाऊण म्हणजे एकटी करते. पूर्ण काळं वर्तुळ म्हणजे ही दुसरीला शिकवू शकते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात तुम्ही कुठल्याही शॉपफ्लोअरवर गेलात तर असा तक्ता बहुतेक भेटेलच. साहेब लोक बदलतात, लाइनी बदलतात, तक्ता राहतो.

मी २०१० पासून वायरिंग हार्नेसच्या कामात आहे. मोटरसायकलची टाकी उचलली की खाली काळ्या टेपने गुंडाळलेली वायरींची जाड जुडी दिसते, तिला पुढे-मागे फांद्या फुटलेल्या असतात. ती आम्ही बांधतो. या कामात बायकाच जास्त. तिरक्या बोर्डावर खऱ्या मापाचं ड्रॉइंग चिकटवलेलं असतं, त्यावर खुंट्या ठोकलेल्या. वायर त्या वाटेने टाकायची, फांदी फोडायची, टेप ओढून धरत गुंडाळायची. टर्मिनल कनेक्टरात ढकलायचं, टक् असा आवाज ऐकायचा आणि मग वायर मागे ओढून बघायची. ढकल, टक्, ओढ. आवाज आला म्हणून टर्मिनल बसलंच असं नाही, ओढल्याशिवाय हाताला खात्री होत नाही. ओढायची विसरली तर दोन हजार किलोमीटरवर कुणाचा तरी हेडलाइट रात्री घाटात जातो.

म्हणून नवीन मुलीला आम्ही मुख्य बोर्डावर उभं करत नाही. आधी सहा वायरींची इंडिकेटरची जुडी. तिच्या बोटांना टक् ओळखता आलं की वीस वायरींची. महिने जातात. हुशार मुलगी असेल तर ती वैतागते. मला येतंय ताई, द्या ना मोठा बोर्ड, म्हणते. तिला येत असतंही. पण येणं आणि सवयीचं होणं यांत जे अंतर आहे, ते हुशारीने कापता येत नाही, दिवसांनीच कापावं लागतं. मी लाइन लीडर झाल्यावर हे वाक्य किती मुलींना सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

२०११ मधली गोष्ट. बजाज ऑटोने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत २००७ मध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला होता आणि त्या सोयरिकीतली पहिली गाडी, १२५ ड्यूक, चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली होती. ती भारतात विकायला नव्हतीच, युरोपला चालली होती. आमच्या पट्ट्यात तेव्हा तिचीच चर्चा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फोटो पाहिला. जाळीदार चासी, रुंद टायर, भारदस्त अंग, आणि इंजिन फक्त सव्वाशेचं! एक बाई म्हणाली, गोरे लोक एवढे पैसेवाले आणि इंजिनातच का कंजुषी करतात?

क्वालिटीचे सर तिथेच डबा खात होते. त्यांनी समजावलं. तिकडे नवशिक्याला वाटेल ती गाडी चालवता येत नाही. बहुतेक देशांत सोळाव्या वर्षी ए-वन नावाचं लायसन्स मिळतं. त्यावर १२५ सीसीपर्यंतची, ११ किलोवॅटपर्यंतची गाडी. ११ किलोवॅट म्हणजे साधारण पंधरा हॉर्सपॉवर. ही गाडी त्या आकड्यासाठीच बनवली आहे. पोराला मोठ्या गाडीचं रूप, मोठ्या गाडीचं हँडल, मोठ्या गाडीचा ब्रेक मिळतो. ताकद मात्र नवशिक्याची.

मग २०१३ मध्ये ३९० ड्यूक आली, तीही चाकणचीच. तिचं इंजिन ३२ किलोवॅटचं. त्याच वर्षी १९ जानेवारीपासून युरोपात लायसन्सचा नवा नियम लागू झाला होता. मधल्या पायरीचं, म्हणजे ए-टू लायसन्स अठराव्या वर्षी, आणि मर्यादा ३५ किलोवॅट. आधीच्या नियमात ती २५ होती. दोन वर्षं या पायरीवर काढली आणि पुढची परीक्षा दिली की मग कितीही ताकदीची गाडी चालवा. थेट वरच्या पायरीवर उडी मारायची तर वयाची चोवीस वर्षं भरावी लागतात. यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. मोठ्या गाडीचा थ्रॉटल अर्ध्यात अडवून किंवा ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, फेरफार करून तिची ताकद ३५ वर आणता येते. पण मूळची ताकद दुपटीहून जास्त असेल तर ती गाडी चालत नाही. दांडगटाचे हात बांधून त्याला पोराच्या हवाली करायचं नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. जपानमध्ये ४०० सीसीची पायरी आहे, ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनामागे ताकद मोजतात. प्रत्येकाचा हिशोब वेगळा, पण शॉपफ्लोअरवरचं वर्तुळ मला सगळीकडे दिसलं. पाव, अर्धं, पाऊण.

जानेवारी २०२३ मध्ये चाकणहून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. त्यातल्या कितीतरी गाड्या समुद्रापलीकडच्या नवशिक्यांच्या हाताखाली गेल्या. त्या बांधणारे आमच्या पट्ट्यातले हात मात्र गेटबाहेर आले की त्यांना कुठलीच पायरी नाही. या एका गोष्टीने मला अनेक वर्षं टोचलं आहे.

आपल्याकडे पायरी अजिबात नव्हती असं म्हणणं खरं होणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमात ती अजून आहे. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतची गाडी, त्यापुढच्या सगळ्या दुचाकींसाठी अठरा. माझी आत्या राजगुरुनगरला प्राथमिक शिक्षिका होती, तिच्याकडे लुना होती. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये काढलेली ५० सीसीची गाडी. सायकलसारखी पेडल मारून सुरू करायची, चढाला इंजिन दमलं की पुन्हा पेडल. आत्या निऱ्या आवरून तिच्यावर बसायची, पुढे भाजीची पिशवी, आणि खेड्यातली शाळा गाठायची. सोळाव्या वर्षीच्या त्या पायरीवर बसेल अशी गाडी म्हणजे लुना. आता ५० सीसीची पेट्रोलगाडी शोरूममध्ये मिळत नाही. पुस्तकात पायरी राहिली, जिना मोडून गेला. म्हणून चिखली-मोशीतली सोळा वर्षांची पोरं वडिलांची ११० सीसीची स्कूटर घेऊन क्लासला जातात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला त्यासाठी २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड मोठा केला तो योग्यच केला असं मी म्हणते. पण त्या पोराने सोळाव्या वर्षी काय चालवत शिकायचं, हा प्रश्न आपण रिकामा सोडला.

आणखी एक गोष्ट खरी आहे. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकली आजही शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत, म्हणजे युरोपच्या ११ किलोवॅटच्या आतल्याच. ही अट आपल्याला कायद्याने घातलेली नाही, खिशाने घातली आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर शंभर सीसी चालवली ती त्यापेक्षा मोठी परवडली नाही म्हणून. हप्त्यावर गाडी सहज मिळू लागली तेव्हा खिशाची अट सुटली. त्या जागी दुसरी कुठली आली नाही.

आमच्या लाइनवर एक पोरगा होता. लातूरकडचा, आयटीआय झालेला, ट्रेनी म्हणून आला होता. टेस्टिंग बेंचवर बसायचा. हार्नेस जिगमध्ये लावायचा, हिरवा दिवा लागला की पुढे, लाल लागला की लाल टॅग. खराबवाडीला चौघांत एक खोली करून राहायचा. एका दिवाळीला गावाकडून आला तो नवीन गाडी घेऊनच. थोडे पैसे रोख, बाकी हप्ता. गाडीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्याच्या लायसन्सला तेव्हा दोन महिने झाले होते आणि त्याआधी त्याने काकांची शंभर सीसी बांधावरून चालवलेली, एवढाच हात. गाडी धुऊन पुसून गेटजवळ उभी करायचा. सुट्टी झाली की आम्ही बायका बसच्या रांगेत, आणि तो भुर्रकन निघून जायचा. छान दिसायचा, हे मी सांगितलंच पाहिजे. घरापासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्या पोराकडे स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती आणि तो तिच्यावर राजासारखा बसायचा.

चौथ्या महिन्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर, रात्रपाळी संपवून परतताना, पुढचा कंटेनर थांबला आणि तो त्याच्या मागच्या बंपरवर गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्याची आई पलंगाच्या पायथ्याशी खाली बसलेली होती, खुर्ची रिकामी असून. मला म्हणाली, "बाई, म्या त्याला म्हनलं व्हतं, लहानी गाडी घे. तर म्हनला, आई, लहानी गाडी म्हाताऱ्यांची."

तो स्वतः जे बोलला ते मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, मी ब्रेक वेळेवर लावला होता. गाडी आधीच तिथं पोचली होती."

किती तरी दिवस मी या वाक्याचा विचार करत होते. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्याने अंतर मोजलं ते शंभर सीसीच्या सवयीने. हाताने ब्रेक धरला तोही त्याच सवयीने. गाडी मात्र दुसऱ्याच हिशोबाची. बोर्ड मोठा होता आणि बोटं अजून सहा वायरींची होती. कारखान्यात आम्ही त्याला एक जिग हाताळायला द्यायच्या आधी तीन आठवडे शेजारी बसवलं होतं, तक्त्यावर त्याचं पाव वर्तुळ मीच भरलं होतं. गेटबाहेर कुणी भरलं नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे, आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. छोट्या गाड्यांवरचीही माणसं त्यात आहेतच. नुसती ताकद बांधून सगळं भागेल असं मी म्हणणार नाही. हेल्मेट आहे, रस्ता आहे, चुकीच्या बाजूने येणारा ट्रॅक्टर आहे. पण हा पोरगा ज्या कारणाने पडला ते कारण मला माहीत होतं. ते कारण टाळायला जगात कुणीतरी एक आकडा ठरवलेला होता आणि त्या आकड्याच्या गाड्या आमच्या दारातून कंटेनरमध्ये चढत होत्या.

मी गाडी शिकायचं ठरवलं ते दुसऱ्याच कारणाने. लाइन लीडरला पाळीच्या आधी अर्धा तास पोचावं लागतं आणि कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली की अडकली. आमच्या यांनी स्कूटर घे म्हणून सुचवलं. मला गिअरची हवी होती. तेरा वर्षं ज्या गाडीच्या पोटातली जुडी बांधली, ती जुडी जागी झाल्यावर काय होतं हे मला हाताने बघायचं होतं. १२५ ड्यूक नोव्हेंबर २०१८ मध्ये अखेर आपल्याकडेही विकायला आली होती. २०१९ ची एक वापरलेली आम्हाला चिंचवडला मिळाली. नारिंगी रंग थोडा उतरलेला, किंमत आवाक्यात. माझी उंची पाच फूट दोन इंच, तिची सीट उंच. भोसरीच्या एका कुशनवाल्याकडून फोम कापून घेतला तेव्हा दोन्ही चवडे जमिनीला लागले. घरी आणल्यावर मी आधी सीट काढली. हार्नेसच्या मागच्या फांदीवर तपासणीचा पिवळा ठिपका होता, अर्धा पुसलेला. तो आमच्या लाइनवरचा की दुसऱ्या कुणाच्या, कळायला मार्ग नाही. मी कनेक्टर एकेक करून ओढून पाहिले. सगळे घट्ट होते.

मग मी स्वतःला नेम घातला. दोन वर्षं हीच गाडी. कुणी मोठी गाडी चालवायला दिली तरी हात लावायचा नाही. पहिलं पाव वर्तुळ भरेपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही आणि दिवे लागल्यावर हायवेला जायचं नाही. आमच्या घरी आळंदीची एकादशी चुकत नाही, चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण सोडतात. नेम म्हटला की घरात कुणी कारण विचारत नाही. हे फक्त म्हणाले, "पण हे कायद्यात नाहीये ना?" मी म्हटलं, "नाहीये. म्हणून तर नेम."

शिकले गुरुवारी. आमच्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, विजेच्या हिशोबाने कधीकाळी ठरलेली. त्या दिवशी एमआयडीसीचे रस्ते ओस पडतात. रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना बंद गेटं, वॉचमन खुर्ची उन्हात ओढून बसलेला. या रस्त्यांवर गुरुवारी निम्मं चाकण गाडी शिकत असतं. हे मागे धावत यायचे. "अगं, क्लच हळू सोड. हळू म्हणजे टेप गुंडाळतेस तसा." त्या वाक्यानंतर माझी गाडी बंद पडायची थांबली. क्लचची तार बोटाशी बोलते, टर्मिनल बोलतं तशीच. एका ठिकाणी गाडी किंचित दबते आणि आवाज खाली उतरतो, तिथे थांबायचं, मग सोडायचं.

आता रोजचा रस्ता मोशी ते खराबवाडी. इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मेदनकरवाडी, आणि मग तळेगाव चौक. उजवीकडे गावात संग्रामदुर्ग आहे, फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवलं तो किल्ला. सकाळच्या पाळीला त्या चौकात उभं राहिलं की वेढा म्हणजे काय ते थोडं कळतं. कार घेऊन बंदराकडे निघालेले लांबलचक ट्रेलर, कांद्याचे टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्यामधल्या फटींत आम्ही दुचाकीवाले. डावा हात क्लचवर, दहा मिनिटांनी अंगठ्याचं मूळ बधिर होतं.

पंधराच्या आतबाहेर हॉर्सपॉवरची गाडी हायवेवर काय शिकवते, ते ती चालवल्याशिवाय कळणार नाही असं मला वाटतं. पुढे वाळूचा डंपर आहे. मोठी गाडी असती तर मनगट वळवलं की पलीकडे. माझ्याकडे तेवढं मनगट नाही. मला आधी एक गिअर खाली यावं लागतं, इंजिन वरच्या आवाजात न्यावं लागतं, समोरून येणारं वाहन किती लांब आहे ते बघावं लागतं, डंपरच्या पुढे जागा आहे का ते बघावं लागतं, आणि उजवीकडच्या आरशात कोण येतंय तेही. हे सगळं होईपर्यंत अनेकदा लक्षात येतं की जायलाच नको. मग मी डंपरच्या मागे राहते, दोन गाड्यांचं अंतर सोडून, वाळूचे कण हेल्मेटच्या काचेवर ऐकत. पहिले काही महिने मी ओव्हरटेक जेवढे केले त्याच्या तिप्पट सोडून दिले. या सोडून दिलेल्या ओव्हरटेकनी माझे डोळे तयार केले. कुठला डंपर इंडिकेटर न देता वळणार हे मागच्या चाकाच्या हलण्यावरून दिसू लागलं. कुठली रिक्षा थांबणार हे रिक्षावाल्याच्या मानेवरून. गाडीत ताकद जास्त असती तर मी हे पाहायला थांबलेच नसते.

सहा महिन्यांनी पाव भाग पेन्सिलीने भरला. वर्षभराने अर्धा.

आणि तो अर्धा पुसावा लागला. पावसाळ्यातली सकाळ, कुरुळीच्या अलीकडे. गेटची वेळ चुकेल म्हणून मी घाईत होते. पुढे बस थांबली, मी पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचा ब्रेक नको तेवढा दाबला आणि गाडी खालून निघून गेली. वेग कमी होता. कोपर खरचटलं, क्लचची दांडी वाकली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा लावून मला उठवलं, माझी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. चूक सगळी माझी होती. ओली पट्टी मला माहीत होती, गुरुवारी तिच्यावर मुद्दाम सराव केलेला होता. हाताला येत होतं. सवयीचं झालेलं नव्हतं. संध्याकाळी खोडरबर घेऊन मी एक भाग पुसला. मुलगी म्हणाली, "आई, एवढं काय?" कारखान्यातही मी हेच करते. लाल टॅग आला की मुलीचा पाव भाग परत जातो, मग ती माझी लाडकी असली तरी. कागदावर पेन्सिलीचा डाग राहिला, तो अजून आहे.

नेमाची दोन वर्षं झाली. वर्तुळ पाऊण भरलं आहे. मोठी गाडी घ्यावी असं मनात आलेलं नाही, येणार नाही असंही म्हणत नाही.

तो लातूरचा पोरगा आठ महिन्यांनी कामावर परतला होता, थोडा लंगडत. गाडी केव्हाच विकली. टेस्टिंग बेंचवर पूर्वीसारखाच बसतो, आता त्याचं वर्तुळ पूर्ण काळं आहे, नवीन पोरांना तोच शिकवतो. बसने येतो-जातो. दुचाकीवर मागेही बसत नाही. मी त्याला कधी विचारलं नव्हतं. दिवाळीच्या आधी एकदा जेवणाच्या सुट्टीत तोच माझ्या गाडीपाशी उभा दिसला. हँडलवर हात ठेवलेला, किल्ली नव्हती. म्हणाला, "ताई, ही लहानी आहे ना?" मी म्हटलं, "लहानीच आहे. गुरुवारी ये."

आला. चाकणचा टप्पा दोन, बंद गेटांचा रस्ता. हेल्मेट घरून घेऊन आला होता, जुनंच, त्याच्यावरची ओरखड्याची रेघ बोटाएवढी लांब. लायसन्स पाकिटातून काढून मला दाखवलं, जणू मी इन्स्पेक्टर. गाडीवर बसला, पण सुरू करेना. मीही काही बोलले नाही. वॉचमनने खुर्ची उन्हातून सावलीत नेली. मग त्याने बटण दाबलं, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा निघाली, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. दोन्ही पाय बाजूला लोंबते, टेकायला तयार. शेवटच्या गेटापाशी तो वळला आणि परत येऊ लागला.

"ताई, दुसरा टाकू?" लांबूनच ओरडला.

मी हात वर केला. त्याने पाय उचलून फुटरेस्टवर ठेवले. मी उभी होते तिथून पुढे गेला तेव्हा आवाज एकदा खाली उतरला, पुन्हा चढला, आणि फाटकाच्या वळणाआधी तिसऱ्यांदा बदलला.